पारध बंद पडली त्या वर्षी

बरका, ८ सप्टेंबर २०२४

प्रिय इक्बाल,

सलाम. बंदुकीच्या आवाजानं तुझा कान गेल्यापासून फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे विहिरीत ओरडणं झालंय. मागच्या वेळी मी विचारलं, "पाऊस कसा आहे?" तू म्हणालास, "हो, कालच दाढी केली." म्हणून लिहितोय. गुरुजींनी आपल्याला एकाच बाकावर बसवून शुद्धलेखन गिरवायला लावलं, ते कधीतरी उपयोगी पडायचंच होतं.

काल चतुर्थी झाली. इथल्या मालकानं, अर्बाबनं, दुपारनंतर मोकळं सोडलं, म्हणून मस्कतला दार्सैतच्या कृष्णमंदिरात जाऊन आलो. देवापुढे हात जोडले आणि मग घरी फोन केला, तर साईची आई गणपतीचं सोडून डुकरांचंच सांगत बसली. पऱ्याच्या पाण्यालगतचा आपला शेताचा कुणगा, भात नुकतं पोटरीला आलेलं, आणि एका रात्रीत अर्धा तुकडा नांगर फिरवल्यासारखा. साई रोज शेतातल्या मांगरात डबा बडवत जागतोय. डुकरांना आता डब्याची सवय झालीय म्हणे.

मला एक कळत नाही. गौरी गेल्या की पारध निघायची, हा आपल्या गावचा रिवाज. देवळासमोर गाऱ्हाणं व्हायचं, वाडीतली माणसं रान उठवायला शिरायची, आणि वाटेवर बंदूक घेऊन बसायचे ते तुझे अब्बा, अलीमियाँचाचा. पडलेल्या डुकराला ते हात लावायचे नाहीत, मटणाचा वाटा घ्यायचे नाहीत. त्यांचा मान नव्या भाताचा. ज्याचं शेत राखलं गेलं, तो पहिल्या मळणीचं पायलीभर भात चाचांच्या ओटीवर नेऊन ओतायचा. माझ्या वडलांनी कधी चुकवलं नाही.

चाचांचं वय झालं, मान्य. पण बंदूक आता तुझ्या नावावर आहे. मग पारध का निघत नाही?

साई हा वाडीतला एकच मुलगा, जो म्हणाला, मुंबई नको, आखात नको, मी शेती करतो. त्याचं हे तिसरं वर्ष. यंदाचं भात गेलं तर तो पासपोर्ट काढायला जाईल, आणि आपली जमीन पडीक पडेल. मी इथं जे काही करतोय ते त्यानं तिथं राहावं म्हणून. एवढं लक्षात घे.

तुझा,
एकनाथ


खैरवली, १९ सप्टेंबर २०२४

एकनाथ,

तुझं पत्र पोस्टमननं आणून दिलं आणि विचारलं, "काय इक्बालभाई, कोर्टाची नोटीस?" आता हातानं लिहिलेला कागद बघितला की लोकांना तेवढंच सुचतं.

तू विचारतोस, पारध का निघत नाही. अरे, निघणार कोण? मी गौरी गेल्यावर देवळाकडे गेलो होतो. गुरव आला, जयप्रकाश आला. त्याचा गुडघा असा की रान उठवायचं सोड, त्याला पायरीवरून उठवायलाच दोघं लागतात. तिसरा मी. बंदुकीला माणूस एक लागतो, रानाला पंचवीस लागतात. हाका घालणारी पोरं सगळी अंधेरीला नाहीतर दोहाला. तूच सांग, तू कुठं आहेस? पत्रातून हाका घालणार आहेस का?

दोन पोरं सुट्टीवर आली होती, त्यांना म्हटलं चला. एकानं विचारलं, "चाचा, व्हिडिओ काढू ना?" डुक्कर कुठून उतरतं, कुठं पाणी पितं, हे त्याला ठाऊक नाही. व्हिडिओ मात्र काढायचा. तो एकदा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला की वनखात्याची गाडी माझ्याच दारात. परवानगीचा अर्ज करता येतो, पण त्याला जितके दिवस लागतात तितक्यात डुक्कर आजोबा होतं. उन्हाळ्यातल्या निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा केली, ती जुलैत मिळाली. आता पुढची निवडणूक आली, पुन्हा जमा करायचीय. बंदूक माझ्यापेक्षा पोलिसांच्या घरी जास्त राहते.

खरं कारण अजून एक आहे. मुआजला, माझ्या मुलाला, मी दोनदा बरोबर नेलं. बसून राहायचं, खोकायचं नाही, डास मारायचा नाही. तिसऱ्यांदा म्हणाला, "अब्बा, यात होतं काय?" बहुतेक दिवशी काहीच होत नाही. अब्बांनी मला शिकवलं ते हेच, की पानं हलली म्हणून बार टाकायचा नाही. पूर्ण जनावर दिसेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. आयुष्यात त्यांनी जितके बार टाकले, त्याच्या कितीतरी पट टाकले नाहीत. हे कुणाला शिकायचंय आता?

अब्बा बरे आहेत. फजरची नमाज झाली की काठी घेऊन बांधाबांधानं फिरतात, माग बघतात आणि घरोघरी सांगतात, काल तुमच्याकडे मादी आली होती, पिल्लं बरोबर होती. लोक म्हणतात, चाचा, ते आम्हाला भात बघून कळलंच.

साईला मी बघतो. चांगला मुलगा आहे. तुझ्यासारखा फार विचार करत नाही.

इक्बाल


बरका, २७ सप्टेंबर २०२४

प्रिय इक्बाल,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा नाही.

इथं आमच्या अर्बाबचे वडील आहेत. आम्ही त्यांना बाबाच म्हणतो. तरुणपणी डोंगरात रानबकऱ्यांच्या मागे दिवसेंदिवस हिंडलेला माणूस. आता इथं शिकारीला बंदी आहे. मला वाटायचं, त्यांना त्याचं दुःख असेल. एकदा मासळीबाजारातून येताना गाडीत विचारलं. म्हणाले, "बंदी नसती तरी संपलीच होती. माझा नातू सावलीत गाडी लावून एसीतून बघतो आणि म्हणतो, बकरी कुठाय? बकरी काय त्याच्यासाठी खाली येणार आहे?" मला तुझ्या मुआजची आठवण झाली.

पण इक्बाल, मी नुसता उसासे टाकत बसलो नाही. या मजऱ्यात, अर्बाबच्या मळ्यात, लसूणघासाचा मोठा तुकडा आहे. मोकाट बकऱ्या आणि गाढवं येऊन साफ करायची. या वर्षी अर्बाबनं त्याभोवती विजेच्या तारेचं कुंपण घेतलं. मीच बसवलं. बकरी आली, तारेला नाक लावलं, टुणकन उडाली आणि पळाली ती पुन्हा फिरकली नाही. माणूस हसून हसून दमेल. ना बंदूक, ना हाकारे, ना रक्त. एवढी वर्षं आपण उगाच जीव घेत होतो असं वाटलं.

त्याचा व्हिडिओ काढून साईला पाठवलाय. तार खुंट्यांना कशी बांधायची, प्लास्टिकचे तुकडे कुठं घालायचे, सगळं बोलून सांगितलंय. तो आयटीआयला वर्षभर होता, त्याला कळेल. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, "बाबा, एकदम भारी!"

तुझ्या पंचवीस माणसांची गरज संपली बघ. चाचांना सलाम सांग. भात वाचलं तर त्यांची पायली तरीही पोचेल.

एकनाथ


खैरवली, ९ ऑक्टोबर २०२४

एकनाथ,

सकलैन सुट्टी संपवून मस्कतला परत निघालाय. त्याच्याबरोबर हे आणि थोडी कोकमं पाठवतोय. तो आधी मस्कतमध्ये गाल्याच्या गॅरेजवर हजर होईल, मग सवडीनं तुझ्याकडे येईल.

तुझं गावात नाव झालंय. साईनं कुणग्याला तार लावल्यापासून आत पाऊल पडलेलं नाही. भात असं उभं आहे की बघत राहावं. जयप्रकाशनं बघून लावली, गुरवानं लावली, पलीकडच्या वाडीतही लावली. साईच सगळ्यांना लावून देतो. पोरगं ऐटीत फिरतंय. पारधीचं आता कुणी नावही काढत नाही. गुरव मला म्हणाला, "इक्बाल, बंदूक विकून मिक्सर घे."

मला मात्र एक विचारायचं होतं. तू लिहिलंस, बकरी उडी मारून पळाली. इथं कोणी पळत नाही. परवा तुझ्या बांधावर एक कोल्हा मरून पडला होता. त्याआधी जयप्रकाशकडे मादी आणि तिची तीन पिल्लं, चौघं ओळीनं. पिल्लं आईला चिकटलेली होती. अब्बा बराच वेळ तिथं उभे होते. म्हणाले, "पिल्लांवर आपण कधी बार टाकला नाही." साई म्हणाला, "चाचा, बाबांनी सांगितलं तशीच लावलीय."

तुमच्याकडची बकरी का पळते रे? विजेतलं मला काही कळत नाही म्हणून विचारतोय.

इक्बाल


बरका, १८ ऑक्टोबर २०२४

इक्बाल,

सकलैन आज सकाळी आला. मी तुझं पत्र उभ्यानंच वाचलं. "इथं कोणी पळत नाही" हे वाक्य वाचलं आणि सगळं कळलं. सकलैननं विचारलं, काय झालं? त्याला वाटलं, घरी काही झालं.

आमच्या कुंपणाला एक डबी असते. ती वीज क्षणभर सोडते आणि थांबते, सोडते आणि थांबते. थांबते म्हणून बकरी सुटते. साईनं डबी लावलेलीच नाही. त्यानं घरातली लाईन सरळ तारेला जोडलीय. ती सोडत नाही, इक्बाल. ती धरून ठेवते. कोल्हा असो की माणूस. व्हिडिओत मी तारेचं बोललो, खुंट्यांचं बोललो, बकरीवर हसलो. डबी माझ्या पाठीमागे भिंतीवर होती. ती मी दाखवलीच नाही. मला वाटलं, ते कुणालाही कळतं. तीस वर्षं वायरीत हात घालून मला एवढं कळलं नाही, की ज्याला ठाऊक नाही त्याला ठाऊक नसतं.

लगेच साईला फोन केला. उचलेना. पुन्हा पुन्हा केला. शेवटी त्यानं उचलला. म्हणालो, "मेन स्विच बंद कर, मग तार काढ. सगळ्यांची काढायला लाव." तो म्हणाला, "बाबा, सगळे अशीच लावतात. कोकणात सगळीकडे अशीच असते." मी ओरडलो. मुलावर असा कधी ओरडलो नव्हतो. तासाभरानं त्याचा फोन आला, "काढली."

तू स्वतः जाऊन बघ. दुसऱ्यांच्या शेतांत जाऊ नकोस, कुणाच्याच तारेला हात लावू नकोस, काठीनंही नाही. चाचांना सकाळी बाहेर सोडू नकोस. हे मी तुझ्या आफरीनलाही फोनवर सांगितलंय, पण मुलगी मराठीत सांगितलेलं इंग्रजीत समजून घेते, म्हणून लिहितोय.

देवा, एवढं निभावून ने.

एकनाथ


खैरवली, २६ ऑक्टोबर २०२४

एकनाथ,

तुला फोनवर कळलंच असेल. अब्बा सोमवारी पहाटे गेले. नमाज पढून बाहेर पडले होते. आफरीननं तुझा निरोप दिला होता, मी अडवलंही. म्हणाले, "साईनं तार काढलीय ना? मग?" एक्क्याऐंशीचे होते. तुझ्या कुणग्याजवळ पडलेले सापडले. हृदय थांबलं असणार. दुपारच्या नमाजनंतर दफन केलं. सगळं गाव आलं होतं. जयप्रकाश त्या गुडघ्यानिशी कबरस्तानापर्यंत चालला.

आम्ही अल्लाचे आणि त्याच्याकडेच परत जाणार. तू मनाला लावून घेऊ नकोस. साईची तार निघालीय, मी बघितली.

इक्बाल


बरका, ४ नोव्हेंबर २०२४

प्रिय इक्बाल,

चाचा गेल्याचं कळलं त्या दिवसापासून रोज लिहायला बसतो आणि उठतो. मला पोहायला शिकवलं त्यांनी. माझे वडील गेले तेव्हा तुमच्या घरून तीन दिवस जेवण आलं, ते त्यांच्याच सांगण्यावरून. मी खोलीत दिवा लावून त्यांच्यासाठी बसलो. त्यांच्या रीतीत ते बसतं की नाही मला माहीत नाही, पण देव समजून घेईल.

आता दुसरं लिहितोय. काल साईचा फोन आला. भात उभं आहे, गळायला लागलंय, आणि तो कापणीला उतरलेला नाही. त्याची आई म्हणते, जेवत नाही. आणि मला म्हणाला, "बाबा, मला तिकडं बोलवा. कुठलंही काम करीन. लवकर बोलवा." हा तोच मुलगा, इक्बाल. मी विचारलं काय झालं, तर फोन ठेवला.

मी वीजकाम करणारा माणूस आहे. मला एकच सांग. चाचांना शेवटची आंघोळ कुणी घातली? त्यांच्या अंगावर काही खूण होती का?

एकनाथ


खैरवली, ११ नोव्हेंबर २०२४

एकनाथ,

होती.

डाव्या नडगीवर. बोटाएवढी रुंद, काळी, सरळ रेघ. आंघोळ मी घातली आणि दोघे नातलग होते. पाणी ओतता ओतता माझा हात थांबला. त्या दोघांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. पुन्हा पाणी ओतलं.

नंतर कुणग्याकडे गेलो. साई बांधावर बसला होता, गुंडाळलेली तार मांडीवर. तू सांगितलंस त्या दिवशी त्यानं खरंच काढली होती. त्याच रात्री डुकरं आली आणि वरचा कोपरा खाऊन गेली. चार दिवसांवर कापणी. तेवढ्यापुरती पुन्हा लावली म्हणाला. "चाचा, मी सकाळी लवकर उठून बंद करणार होतो. झोप लागली." मी त्याला मारलं नाही. मारावं असं वाटलं, पण हात वर झाला नाही. म्हटलं, "घरी जा. कुणाशी बोलू नकोस."

तुझ्यापासून लपवलं, कारण मला दुसरं सुचलं नाही. अब्बांना फाडून बघावं हे मला नको होतं. आणि दुसरं, तू वीस वर्षं बाहेर आहेस, तुला हल्लीचं ठाऊक नाही. म्हातारा मुसलमान हिंदूच्या तारेवर मेला, एवढंच बाहेर गेलं असतं तर ज्यांनी आपलं गाव नकाशावर बघितलं नाही ते गाड्या भरून आले असते. दोन्हीकडचे. ज्या देवळापुढं अब्बा बंदूक घेऊन उभे राहायचे, तिथं मग काय उभं राहिलं असतं? आणि साई माझ्याच अंगणात रांगलाय. अब्बांनीही हेच केलं असतं.

तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस, लोक शिकार का करत नाहीत. मी पोरांचं सांगितलं, कागदपत्रांचं सांगितलं. आता आठवडाभर रोज एकच मनात येतं. बंदूक घेऊन बसणाऱ्याला जागं राहावं लागतं. काय समोर आलंय ते बघावं लागतं, आणि मग ठरवावं लागतं. तार लावून माणूस घरी जाऊन झोपतो. ती कुणालाही धरते. लोकांना तेच आवडलंय.

त्याला बोलावून घे तिकडं. इथं राहिला तर तो कधीतरी बोलून जाईल.

बाकीच्यांच्या तारा आहेत तशाच आहेत. मी काढा म्हणालो, तर जयप्रकाश म्हणाला, "का? काय झालंय?"

इक्बाल


बरका, १९ नोव्हेंबर २०२४, दुपार

इक्बाल,

तुझं पत्र तासाभरापूर्वी आलं. हे पोस्टानं पाठवत नाही. फोटो काढून आफरीनच्या मोबाईलवर टाकतोय. आत्ताच वाच.

मी पंपाच्या खोलीत बसून वाचलं. "होती" या एका शब्दानंतर किती वेळ गेला मला कळलं नाही. मला आधीच ठाऊक होतं, विचारलं तेव्हाच ठाऊक होतं. अर्बाबचे बाबा दारात येऊन उभे राहिले. विचारलं, काय झालं? सांगितलं, माझ्या मुलाच्या हातून माझ्या मित्राचे वडील गेले, आणि मित्र म्हणतो, मुलाला पळवून ने. ते उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "तुझा मित्र मोठा माणूस आहे. पण त्याचं ऐकू नकोस." मग अर्बाबला त्यांनीच फोन केला. उद्याचं तिकीट झालंय.

इक्बाल, तू जे केलंस त्याची परतफेड माझ्याच्यानं होणार नाही. पण तू तुझ्या वडलांपुरतं माफ केलंस. उद्या त्या तारांवर दुसरं कुणी पडेल. जयप्रकाशची नात, गाय सोडायला गेलेली गुरवाची सून. त्यांच्या वतीनं माफ करायला तू कोण, आणि लपवायला मी कोण? जयप्रकाश म्हणतोय, काय झालंय? त्याला सांगितल्याशिवाय एकही तार निघणार नाही. गाड्या भरून येणाऱ्यांची भीती मलाही आहे. पण ते सत्य ऐकून येतात असं नाही, कुजबूज ऐकून येतात. कुजबूज तर आंघोळ घालणाऱ्या त्या दोघांपासून कधीच सुरू झाली असेल. आपण दोघांनी ठाण्यात एकत्र जाऊन सांगितलं, तर त्यांना सांगण्यासारखं फार उरणार नाही.

व्हिडिओ माझा आहे. आवाज माझा आहे. तेही सांगणार आहे.

आत्ता साईशी बोललो. ओरडलो नाही. म्हणालो, "मला कळलंय." तो रडला नाही. मग म्हणाला, "बाबा, इक्बालचाचांनी माफ केलंय."

म्हणालो, "हो. पण तारा अजून चालू आहेत."

त्यानं विचारलं, "तुम्ही येईपर्यंत थांबू, की आत्ता ठाण्यात जाऊ?"

मी बाप आहे, इक्बाल. तोंडात "थांब" आलं होतं. उद्या संध्याकाळी मी तिथं असतो, त्याच्या खांद्यावर हात ठेवून नेलं असतं. पण मध्ये एक रात्र आहे, आणि एक पहाट.

म्हणालो, "आत्ता जा. एकटा जाऊ नकोस. आधी इक्बालचाचांकडे जा."

तो निघालाय. दार उघडून बाहेर ये.

एकनाथ